निश्चित उत्पन्न आणि कष्टकऱ्यांचा हिशेब

(दिल्लीतील मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी घरगुती वाटेल. माणसाच्या हाती दरमहा ठरावीक रक्कम येऊ लागली तर तो तिचा विनियोग कसा करतो, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु या साध्या प्रश्नाला कोणते उत्तर दिले जाते यावर मजुरीचे दर ठरत आले आहेत, सावकारीविषयीचे कायदे ठरत आले आहेत, आणि गरिबाला धान्य द्यावे की रोकड द्यावी याविषयीची सरकारी धोरणेही ठरत आली आहेत. म्हणून त्याची नीट तपासणी करणे अगत्याचे आहे.

एक उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. गरिबाच्या हाती पैसा टिकत नाही. दिला की तो दारूत, लग्नकार्यात, नाही तर चैनीत उडवतो. म्हणून त्याला द्यायचेच तर मोजूनमापून, अटी घालून, आणि शक्यतो वस्तूच्या रूपाने द्यावे. हे उत्तर केवळ मालकवर्गाच्या तोंडी असते असे समजू नये. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत ते ऐकू येते, सरकारी कचेऱ्यांत ऐकू येते, आणि स्पष्टच बोलायचे तर कामगार चळवळीत आयुष्य वेचलेल्या माणसांकडूनही कधी कधी ऐकू येते.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. कुटुंब पैसा कसा खर्च करते हे ठरण्यात माणसाच्या स्वभावाचा वाटा लहान असतो. पैसा कोणत्या तारखेला येणार आणि पुढेही येत राहणार की नाही, या खात्रीचा वाटा मोठा असतो. ही खात्री असेल तेथे कष्टकरी कुटुंब अत्यंत काटेकोर हिशेब करते. ती नसेल तेथे जो दिसतो त्याला लोक उधळेपणा म्हणतात. प्रत्यक्षात तो अनिश्चिततेचा दंड असतो.

जुना आरोप आणि जुनी चौकशी

कामगारांच्या घरखर्चाची शास्त्रशुद्ध चौकशी युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली. १८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियमच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून एक नियम मांडला. (हे नाव वाचताच आपल्याला दुसरे एक नाव आठवते, परंतु मार्क्सचे सहकारी एंगेल्स ते वेगळे.) या एंगेलचा नियम असा की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा. म्हणजे ज्याच्यावर उधळेपणाचा आरोप होत होता, त्याच्याकडे अन्नाखेरीज इतर कशावर उधळण्यासारखे फारसे उरतच नव्हते.

आपल्याकडे मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होत असल्याचे तेथेही दिसून आले. त्यानंतर आलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात तर मर्मावरच बोट ठेवले. बहुसंख्य औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कर्जबाजारी होते. बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. आणि दरमहा रुपयास एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चालू होता. एक आणा म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आता हिशेब करून पाहा. तीस रुपये पगाराच्या कामगाराच्या डोक्यावर तीन पगारांचे, म्हणजे नव्वद रुपयांचे कर्ज असेल, तर मुद्दलाला हात न लावता निव्वळ व्याजापोटी महिन्याला पाच रुपये दहा आणे जात. पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा सावकाराच्या घरी जात होता, आणि पैसा टिकत नाही असा ठपका मात्र कामगारावर येत होता.

हे कर्ज कशातून उभे राही? आजारपण, लग्न, बेकारी ही कारणे होतीच. परंतु त्यांच्या जोडीला एक साधे कारण होते. महिन्याची मजुरी महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी हाती पडे. पोट मात्र पहिल्या दिवसापासून असे. मधल्या दिवसांचे अन्न वाण्याकडून उधार घ्यावे लागे, आणि त्या उधारीतून पुढची उधारी निघे. म्हणूनच १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात पगाराची मुदत नमूद झाली: एक हजारांहून कमी कामगार असतील तेथे पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी, त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसापूर्वी. मजुरीचा आकडा एका पैशानेही न वाढवता केवळ तारीख बांधून दिल्याने कामगाराच्या संसारात फरक पडतो, हे कायद्याने त्या वेळी मान्य केले.

तारखेवर उभा राहिलेला संसार

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाया होत्या. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगाराला त्या महिनाभर जेवू घालत आणि पगार झाल्यावर पैसे घेत. हा सारा व्यवहार पगाराच्या तारखेवर उभा होता. १९७३-७४ च्या गिरणी संपात या बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या दारी गेल्या. कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिले, आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. तारण म्हणून ठेवायला ज्यांच्याजवळ काही नव्हते अशा स्त्रियांनी ती कर्जे फेडली. नियमित पगाराचा एक धागा कामगाराकडून खानावळवालीकडे, तिच्याकडून वाण्याकडे आणि बँकेकडे कसा जातो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कामगारांच्या आयुष्यातून ही तारीखच नाहीशी झाली. त्याबरोबर कोणकोणते संसार खचले हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल.

दिल्लीच्या वस्त्यांतील हिशेब

आता आपण आज जेथे राहतो त्या दिल्लीकडे वळू. २०००-०१ च्या सुमारास ऑर्लांडा रुथवेन या संशोधिकेने दिल्लीतील झोपडवस्त्यांत आणि उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक चिकाटीचे काम केले. वर्षभर दर पंधरवड्याला त्याच त्या कुटुंबांकडे जाऊन प्रत्येक रुपयाची आवक-जावक लिहून घेतली. बांगलादेश व दक्षिण आफ्रिकेतील अशाच नोंदींसह हे काम २००९ साली ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. हातावर पोट असलेली ही भारतीय कुटुंबे वर्षभरात सरासरी आठांहून अधिक प्रकारचे आर्थिक व्यवहार सांभाळत होती. शेजाऱ्याची हातउसनवार, दुकानदाराची उधारी, मालकाकडील उचल, घरात दडवलेली बचत, दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे, आणि आपण महाराष्ट्रात जिला भिशी म्हणतो व दिल्लीत जिला ‘कमेटी’ म्हणतात ती. एखाद्या पगारदार माणसाला वर्षभरात इतक्या व्यवहारांची आठवण ठेवावी लागत नाही.

या अभ्यासाचा निष्कर्ष असा की गरिबाच्या उत्पन्नाला तीन व्याधी एकाच वेळी जडलेल्या असतात: ते अल्प असते, अनियमित असते, आणि ते पुढे किती येईल याचा अंदाज बांधता येत नाही. आपण सहसा पहिल्या व्याधीविषयीच बोलतो. दुसऱ्या दोन व्याधी पहिलीला किती वाढवतात हे मात्र ध्यानात घेत नाही. आज कमाई झाली तर आज पीठ घ्यायचे, तेही किलो-दोन किलो. तेल घ्यायचे तर दहा-वीस रुपयांचे. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला जो भाव पडतो तो या ग्राहकाला पडत नाही. खोलीचे भाडे मात्र पहिल्या तारखेलाच द्यावे लागते. दुखणे अंगावर काढावे लागते, कारण डॉक्टरकडे गेले तर आजची रोजी बुडते आणि उद्याची मिळेलच असे नाही. ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याने दूरदृष्टीने वागावे ही अपेक्षा करणे सोपे असते, पण ती पुरी करण्याचे साधन त्याच्या हाती नसते.

रघुबीर नगरचा प्रयोग

पश्चिम दिल्लीत रघुबीर नगर ही पुनर्वसन वसाहत आहे. मुंबई-पुण्याकडे जिला बोहारीण म्हणतात, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी, तिच्यासारख्या अनेक स्त्रिया येथे राहतात. त्या प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या आहेत. दिवसभर वसाहती पालथ्या घालायच्या आणि गोळा झालेले कपडे पहाटेच्या अंधारात भरणाऱ्या घोडा मंडी या बाजारात विकायचे, असा हा धंदा. किती दारे उघडतील आणि पहाटे काय भाव मिळेल, यावर त्या दिवसाची चूल अवलंबून. इतरही कष्टकरी या वसाहतीत आहेत, आणि त्यांची स्थिती याहून फार वेगळी नाही.

याच रघुबीर नगरात २०११ साली ‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने दिल्ली सरकार व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने एक प्रयोग केला. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांपैकी, रेशनऐवजी रोकड घेण्यास जी तयार होती त्यांतून चिठ्ठ्या टाकून सुमारे शंभर कुटुंबे निवडली गेली. वर्षभर दरमहा १,००० रुपये घरातील स्त्रीच्या बँक खात्यात जमा झाले. त्या बदल्यात त्यांनी रेशन दुकानावरील गहू, तांदूळ, साखर व रॉकेल यांवरील हक्क तेवढ्या काळापुरता सोडला. पैशाचा विनियोग कसा करावा याविषयी कोणतीही अट नव्हती. चिठ्ठी न निघालेली कुटुंबे आणि रेशनच पसंत करणारी कुटुंबे यांच्याशी तुलना करण्यात आली.

आरोप खरा असता तर या घरांत अन्न कमी व्हायला हवे होते आणि दारू वाढायला हवी होती. या दोन्हींपैकी काहीही घडले नाही. अन्नाची सुरक्षितता घटली नाही. तृणधान्याऐवजी अधिक पौष्टिक पदार्थांकडे वळण्यास कुटुंबांना वाव मिळाला. मद्यावरील खर्च वाढल्याचे दिसले नाही.

त्याच सुमारास, २०११ ते २०१३ या काळात, ‘सेवा’ने युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशातील काही खेड्यांत याहून मोठा प्रयोग केला. तेथे रेशन काढून घेतले नव्हते. रोकड ही रेशनच्या जोडीला होती. आठ खेड्यांतील प्रत्येक प्रौढाला आरंभी दरमहा २०० रुपये व प्रत्येक मुलामागे १०० रुपये, पुढे अनुक्रमे ३०० व १५० रुपये देण्यात आले. मुलांचे पैसे आईच्या हाती जात. सहा हजारांवर माणसांना ही रक्कम मिळाली. तुलनेसाठी इतर बारा खेडी होती, आणि एका आदिवासी गावात असाच स्वतंत्र प्रयोग झाला. घरांची दुरुस्ती झाली, शौचालये बांधली गेली, मुलांचे पोषण सुधारले, शाळेतील हजेरी वाढली, कर्जाचा भार हलका झाला. येथेही दारू वाढल्याचे आढळले नाही. लोकांनी काम कमी केले का? उलट कामाचा प्रकार बदलला. दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी सोडून स्वतःच्या शेतीकडे, शेळ्या-कोंबड्यांकडे व लहान धंद्याकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढले. निकडीपोटी पडेल त्या दराने राबण्याची सक्ती थोडी सैल झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आफ्रिकेतील केनियाचे उदाहरण तर आपला मुद्दा अधिकच उघड करते. तेथे एका संस्थेने काही गावांना दोन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे, व काही गावांना तेवढीच रक्कम बारा वर्षे देण्याचे वचन दिले. अभिजित बॅनर्जी आदी अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन वर्षांत दोन्ही प्रकारच्या गावांना मिळालेले पैसे सारखेच होते. परंतु बारा वर्षांची खात्री असलेल्या गावांत नवे उद्योग अधिक निघाले. ही माणसे भिशीसारख्या मंडळांतून महिन्याच्या लहान रकमेची मोठी रक्कम उभी करीत होती. पैसा तोच, माणसे तशीच. फरक होता तो फक्त पुढच्या खात्रीचा.

रोकड की धान्य?

येथे कोणी म्हणेल, मग रेशन बंद करून सर्वांना रोकड द्यावी. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्ली सरकारने अन्नश्री योजना सुरू केली. रेशनपासून वंचित राहिलेल्या गरीब कुटुंबातील ज्येष्ठ स्त्रीच्या खात्यात दरमहा ६०० रुपये जमा करण्याची ही योजना. एवढ्या रकमेत पाच माणसांच्या कुटुंबाचे डाळ, भात, पोळी भागते, असे तत्कालीन मुख्यमंत्री शीला दीक्षित म्हणाल्या आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. ६०० रुपये, पाच माणसे, तीस दिवस: माणशी रोजचे चार रुपये. त्या स्त्रियांच्या हाती पैसा टिकला नसेल, तर तो चार रुपयांचा दोष होता.

दुसरी गोष्ट भाववाढीची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. बाजारात गव्हाचा भाव काहीही झाला तरी पाच किलो हे पाच किलोच राहतात. रोकड मात्र तीच राहते आणि तिच्यात येणारे धान्य कमी होत जाते. लोकांना हे कळत नाही असे नाही. ज्याँ द्रेज व रीतिका खेडा यांच्या पुढाकाराने २०११ साली नऊ राज्यांत झालेल्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश ग्रामीण कुटुंबांनी रोकडीपेक्षा धान्य पसंत केले. तमिळनाडू, छत्तीसगड यांसारख्या, रेशन नीट मिळणाऱ्या राज्यांत धान्याला कौल मिळाला. बिहारमध्ये, जेथे त्या काळी दुकानात धान्य धडपणे मिळत नव्हते, रोकड मागणारे अधिक निघाले. रघुबीर नगरातही काहींनी रोकड मागितली, काहींनी रेशन. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही निवडींमागे एकच विचार आहे: दरमहा खात्रीने काय हाती पडेल? जे खात्रीचे, ते लोकांनी निवडले.

तिसरी गोष्ट, पैशाने काय विकत घेता येत नाही याची. एक कुटुंब हजार रुपयांत दूध घेऊ शकते. गल्लीत नळाची वाहिनी आणू शकत नाही. मुलाची वही घेऊ शकते. सरकारी शाळेत शिक्षक आणू शकत नाही. सार्वजनिक व्यवस्था मोडून तिच्या जागी रोकड दिली, तर ती रोकड खासगी दवाखान्याच्या व खासगी शिकवणीच्या गल्ल्यात जाऊन पडते. मध्य प्रदेशात रक्कम रेशनच्या जोडीला होती, हे म्हणूनच विसरता कामा नये.

मर्जी आणि हक्क

अनुवादाच्या कामात एक शब्द वारंवार अडवतो. ज्याला इतर भाषांत नियमित किंवा स्थिर उत्पन्न म्हणतात त्याला मराठीत सहज सुचतो तो ‘पगार’. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि इथलाच झाला. पगार म्हटले की तारीख आली, हक्क आला, आणि न मिळाल्यास जाब विचारणे आले. ‘अनुदान’, ‘मदत’, ‘लाभ’ या शब्दांत यांपैकी काहीच येत नाही. लाभ देणारा देतो तोवर असतो.

महाराष्ट्रात २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची ही योजना. विधानसभेच्या निवडणुकीत रक्कम वाढवून २,१०० करण्याचे आश्वासन दिले गेले. २०२५ मध्ये पडताळणी होऊन लाखो नावे अपात्र ठरवण्यात आली. अपात्र नावे वगळू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु घराघरांतील स्त्रीच्या दृष्टीने पाहा. पुढचा हप्ता येईल की नाही, याची वाट पाहत जिला महिना काढावा लागतो, ती भिशीत नाव घालील का? मुलीच्या फीची जबाबदारी अंगावर घेईल का? ती हाती आलेले पैसे आजच्या गरजेवर खर्च करील आणि वर पुन्हा ऐकून घेईल की बायकांनी पैसे उडवले. या स्त्रियांना पैसे मिळाले हे चांगलेच झाले. आपला आक्षेप एवढाच असला पाहिजे की ते निवडणुकीच्या मर्जीवर न राहता कायद्याच्या हक्काने मिळावेत.

आणि शेवटी, उत्पन्नाच्या स्थैर्याचा प्रश्न मुख्यतः मजुरीचाच प्रश्न आहे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी जेमतेम २२ टक्के नियमित पगारदार आहेत, आणि शेतीबाहेरील पगारदारांतही निम्म्याहून अधिकांना लेखी नेमणूकपत्र नाही. ओखला, वजीरपूर, नोएडा, मानेसर येथील कंत्राटी कामगाराचा पगार महिन्याचा असतो. नोकरी मात्र ठेकेदाराच्या शब्दाची असते. २८ मार्च २०२० रोजी आनंद विहारच्या बसस्थानकावर जो जनसमुदाय लोटला, त्यात याच शहराची चाके फिरवणारी माणसे होती. टाळेबंदीला जेमतेम चार दिवस झाले होते. यांना बचत का करता आली नाही असे त्या वेळी विचारले गेले. यांची मजुरी पुढच्या आठवड्यात मिळेल याची हमी कोणी घेतली होती का, हे विचारणारे थोडे होते.

तेव्हा कॉम्रेड्स, वस्तीत आणि कारखान्याच्या दारात काम करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मजुरीच्या दराइतकाच मजुरीच्या तारखेचा व लेखी नेमणुकीचा आग्रह धरावा. पगार उशिरा झाला तर ती किरकोळ तक्रार समजू नये. दुसरी, रोकड देणाऱ्या योजनेला सरसकट विरोध करू नये आणि तिचे सरसकट स्वागतही करू नये. ती कशाच्या बदल्यात दिली जात आहे, भाववाढीबरोबर वाढणार आहे का, आणि तिला कायद्याचा आधार आहे का, हे तपासावे. तिसरी, कष्टकरी कुटुंबाला खर्च कसा करावा याचे धडे देण्यापूर्वी त्याचा हिशेब एकदा समजावून घ्यावा. पुष्कळदा तो आपल्या हिशेबापेक्षा अधिक चोख निघतो.

माणसाला उद्याची खात्री द्या आणि मग तो काय करतो ते पाहा. रघुबीर नगरच्या स्त्रियांना ती अवघ्या एका वर्षाची मिळाली होती, आणि तेवढ्यातही त्यांनी आरोप खोटा ठरवला. ही खात्री सर्वांना आणि कायमची कशी मिळेल, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संघटनेच्या कामातूनच निघेल.